आकाशातले खडे

सासूबाईंनी सुनेची पत्रिका गुरुजींच्या पुढ्यात सरकवली. "तिसऱ्या खेपेलाही मूल पोटातच गेलं. हिच्यात काय दोष आहे, तेवढं सांगा." शेजारी बसलेली सून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, पुन्हा सोडवत होती.

गुरुजी थोडा वेळ पत्रिकेकडे बघत राहिले. मग त्यांनी मुलीला हाक मारली, "उर्मिले, तुझा तो लघुग्रहांचा तक्ता आण गं."

उर्मिलेला नवलच वाटलं. ती कॉम्प्युटरवर पत्रिका करायची आणि त्यात लघुग्रह मांडले की बाबा भडकायचे. "नऊ ग्रह पुरेत. आकाशातले खडे कसले मोजतेस?" तरी तिने तक्ता आणून दिला.

गुरुजींनी त्या बारीक अक्षरांवरून बोट फिरवलं आणि एका जागी थांबवलं. "हा बघा. तिन्ही वेळेला नेमका आडवा आला. दोष याचा आहे. सूनबाईंची पत्रिका स्वच्छ आहे."

"मग याची शांत करायची का?"

"शांत करण्याएवढा मोठा नाही तो. आता पुढे गेलाही. डॉक्टर सांगतील ते करा, आणि पोरीला बोल लावू नका."

निघताना सासूबाईंनी सुनेच्या पाठीवर हात ठेवला. "पायरी उंच आहे गं. जपून उतर."

दोघी दिसेनाशा झाल्यावर उर्मिला म्हणाली, "बाबा, तुमचा चष्मा तर पंचांगावर पडलाय. तक्त्यात वाचलंत काय?"

"काहीच नाही. त्यांना दोष कुणाच्या तरी माथी मारायचाच होता. खड्याला काही लागत नाही."