तरफेचे नऊ चौकोन

"एकच तरफ समजावायला नऊ चौकोन, आणि मुलांनी हवा तो निवडायचा? सगळी सोपाच निवडणार. उतरवा हा तक्ता!" मुख्याध्यापिका बाई वर्गात येऊन कडाडल्या. भिंतीवरच्या तक्त्याच्या प्रत्येक चौकोनात तरफ समजावून सांगण्याची एक वेगळी रीत होती: कुठे चित्र काढा, कुठे लिहून सांगा.

तक्ता लावणाऱ्या धामणस्कर सरांनाही तीच शंका होती. पण न तपासलेली शंका ते मान्य करत नसत. परीक्षेत तरफेचा प्रश्न कोरा सोडणाऱ्या तुळसाला त्यांनी चौकोन निवडायला पुढे बोलावले.

तिने सर्वांत अवघड, 'करून दाखवा' या चौकोनावर बोट ठेवले, विटेवर फळी टाकली आणि बाईंना विटेजवळच्या टोकावर उभे केले. मग ती हडकुळी पोर दूरच्या टोकावर चढली. बाई चार बोटे वर गेल्या.

"अगं, खाली सोड!"

"तक्ता राहणार ना, बाई?"

"राहील, राहील!"

एका प्रयोगावरून निष्कर्ष काढू नये, म्हणून सरांनी विचारले, "आणखी कुणाला हाच चौकोन?"

एकतीस हात वर झाले. बाई अजून वरच होत्या.