सागवानी दार

बसवंत सर नव्या चर्चच्या दारात उभे राहिले आणि आत येणारा पहिलाच माणूस त्यांच्यापुढे वाकला.

सरांना आधी वाटलं, चप्पल काढत असेल. पण चपला तर पायरीखालीच राहिल्या होत्या. मागून त्याची बायको आली, तीही वाकली. मग म्हातारेकोतारे, पोरंसोरं, लेकुरवाळ्या, जो येईल तो उंबऱ्यावर मान खाली घालून, अंग चोरून आत. एवढ्यासाठीच तर सगळा खटाटोप केला होता.

तसा लातुरात सरांना मान काय कमी होता? त्यांच्या ‘नम्रता केमिस्ट्री’ क्लासच्या तीन मजल्यांवर पोरं मांडीला मांडी लावून बसायची. डॉक्टर व्हायला निघालेली ही पोरं परीक्षेच्या आधी रांग लावून सरांच्या पाया पडायची. सर “नको रे, नको” म्हणायचे आणि पाय मात्र जिथल्या तिथं ठेवायचे. पण रविवारी चर्चमध्ये आले की सगळा रुबाब पायरीवरच संपायचा. पुण्याहून एम.एस्सी. करून आले तरी तिथं ते घंटा वाजवणाऱ्या मलप्पाचा बसूच. कुणी सतरंजीवर सरकून जागा दिली तर दिली. साधा ‘सलाम, सर’ ऐकायची मारामार. हे सरांच्या फार जिव्हारी लागायचं. प्रार्थनेला डोळे मिटले तरी, आपल्याकडे कोण कोण बघतंय, हाच विचार.

आणि ते चर्च म्हणजे तरी काय, पत्र्याचं शेड. भूकंपात जुनं चर्च तडकलं, तेव्हा मदतीत आलेल्या पत्र्यांतून उभं केलेलं. पत्रे कमी पडले म्हणून दार ठेंगणं झालं, वाकल्याशिवाय आत शिरता येईना. चार दिवसांची सोय म्हणून बांधलेलं शेड वर्षानुवर्षं तसंच राहिलं. एकदा बिशपसाहेब आले, दारात वाकणारी माणसं बघून गहिवरले, आणि देवाचं भय शिकावं तर या मंडळीकडून, असं उपदेशात सांगून गेले. पत्र्याचं नाव कुणी काढलं नाही.

शेवटी सरांनीच मनावर घेतलं. नवं चर्च, तेही स्वतःच्या खर्चानं. दार सागवानी, हत्ती अंबारीसकट आत जाईल एवढं. मंडळीच्या बैठकीत चर्चचे पाळकसाहेब चाचरत म्हणाले, दार जरा बेताचं ठेवू या का, लोकांना वाकायची चांगली सवय लागलीय. त्यावर सर मंद हसले. असं हसायला बरीच मेहनत लागते, ती सरांनी घेतली होती.

“वाकायचं ते मनानं, पाळकसाहेब. मानेचा काय संबंध?”

मंडळीनं टाळ्या वाजवल्या. शेवटची टाळी विरेपर्यंत सर खाली बघत उभे होते.

सरांच्या नम्रतेला पुरावाही होता बरं का. कपाळावर चांगला ठसठशीत आडवा व्रण. दर नव्या बॅचच्या पहिल्या दिवशी सर केमिस्ट्री बाजूला ठेवत आणि बोट त्या व्रणावर. भूकंपाच्या रात्री भिंत अंगावर आली, देवानं कपाळावर सही केली, आणि त्या क्षणी आपला अहंकार मेला, असं सांगत. पोरी डोळे पुसत. पालक फी भरत. चौकातल्या बोर्डावर सरांचा फोटो होता, तोही व्रणावर उजेड पडेल असा काढलेला.

आज उद्घाटनाला ती सगळी पोरं आईबापांसकट पाहुणी म्हणून आली होती, अंगणात खुर्च्या टाकून बसली होती. आणि त्यांच्यादेखत अख्खी मंडळी सरांपुढे झुकत होती! सरांनी हात जोडले. मला नको, देवाला, असं ते येणाऱ्या प्रत्येकाला म्हणू लागले, तेही अंगणापर्यंत पोचेल अशा बेतानं. मनातल्या मनात त्यांनी प्रभूचे आभार मानले, की तू मला एवढं मोठं केलंस, आता असाच लहान ठेव. डोळे खरोखरच भरून आले.

सगळ्यांत शेवटी आली महादेवीमावशी. सरांच्या आईची थोरली बहीण. कानानं अधू, त्यामुळं ती साधं बोलली तरी अर्ध्या गल्लीला ऐकू जायचं. काठी टेकत ती जवळजवळ दुमडूनच आत शिरली. सरांनी खांद्याला धरून तिला सरळ केलं.

“मावशे, तू तरी माझ्यापुढं वाकू नको,” सर तिला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं म्हणाले.

मावशीनं त्यांच्याकडं बघितलं. मग वर, त्या उंच चौकटीकडं बघितलं. मग तिच्या ध्यानात आलं आणि ती तोंडाला पदर लावून हसली.

“तुझ्यापुढं कोण वाकतंय, बसू? जुन्या दाराची सवय हाय ती. पत्र्याची धार लागंल म्हणून समदे वाकायलेत.”

अंगणातल्या माना दाराकडं वळल्या. सर तिला दंडाला धरून आत न्यायला लागले, पण मावशी जागची हलेना. तिचा हात मायेनं सरांच्या कपाळावर गेला, व्रणावरून फिरला.

“तूच एकटा त्या पत्र्याच्या दारातनं ताठ शिरला हुतास रं, पहिल्याच दिवशी. किती रगत! हळद मीच दाबली हुती.”

“काहीतरीच काय, मावशे,” सर अंगणाकडं बघत हसले, “हे भूकंपात लागलेलं. विसरलीस तू.”

“भूकंपात?” मावशीनं खरंच आठवून बघितलं. “भूकंपाच्या राती तर तू पुण्यात हुतास की, लेकरा.”