दाढीवाल्याचे शेरे

“मला त्यांना भेटायचंय,” मुलाखतीला आलेली मुलगी म्हणाली. “ते दाढीवाले. कुठे बसतात ते?”

मुलाखत तिची आणि घाम फुटला तो मुलाखत घेणाऱ्याला.

वेबसाइट बनवणारी ही एवढीशी कंपनी. पूर्वी चौघं होते, आता तो एकटा. मालक दुसऱ्या शहरात, त्यांची गाठ फक्त फोनवर. आठ महिन्यांत तीन उमेदवार येऊन गेले. रिकाम्या खुर्च्या पाहून तिघंही ‘कळवतो’ म्हणाले, ते अजून कळवतायत. “ही शेवटची,” मालकांनी सकाळीच बजावलं होतं. “नाही जमलं तर जागा रद्द. तुझं एकट्याचं भागतंय की!”

कसं भागतंय ते मालकांना ठाऊक नव्हतं. चौघं होते तेव्हा त्यानंच सॉफ्टवेअरमध्ये एक नियम घातला होता. एकानं लिहिलेला कोड दुसऱ्यानं तपासून ‘ठीक’ म्हटल्याशिवाय पुढे जायचा नाही. मग एकेक जण गेला. दाढीवाला सगळ्यांत शेवटी गेला आणि त्याचं खातं, दाढीच्या फोटोसकट, बंद करायचं राहून गेलं. एक दिवस घाईचं काम अडलं. त्यानं दाढीवाल्याच्या खात्यातून आत शिरून स्वतःलाच ‘ठीक’ म्हटलं.

नियम काढून टाकायला दोन मिनिटं पुरली असती. त्यानं काढला नाही. उलट तो दाढीवाल्याच्या नावानं शेरे लिहू लागला, अगदी त्याच्याच तिरकस वळणाचे. ‘हे काय, झोपेत लिहिलंस?’ मग आपल्या नावानं उत्तर. ‘तू जागा राहून काय दिवे लावलेस?’ एकदा एका बटणाच्या रंगावरून दोघांची चांगलीच जुंपली. नंतर दोन दिवस अबोला. ते दोन दिवस त्याला फार जड गेले. हसण्यासारखंच होतं सगळं, पण हसायला दुसरं होतं कोण?

मुलाखतीच्या आदल्या दिवशी उमेदवाराला टीमचं काम वाचायला द्यायचं, ही जुनी पद्धत. हिलाही त्यानं सवयीनं सगळं उघडून दिलं. शेऱ्यांसकट. चूक झाली ती तिथंच.

“मी काल सगळं वाचून काढलं,” ती म्हणाली. “किती भांडता हो तुम्ही दोघं! आणि लगेच गोडही होता. कामाच्या जागी असं बोलणारं कुणी असेल, तर मी उद्यापासून येते.”

सुट्टीवर आहेत, एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. ती आली असती. शेजारच्या खुर्चीत हाडामांसाचं माणूस बसलं असतं. शब्द अगदी जिभेवर आले होते. पण उद्याचं काय? परवाचं काय? समोर माणूस बसलेलं असताना त्याच्याशीही दुसऱ्याच्याच नावानं बोलायचं? नुसत्या विचारानं त्याला आणखी एकटं वाटलं.

“दाढीवाला आठ महिन्यांपूर्वीच सोडून गेला,” तो म्हणाला. “ते शेरे मीच लिहितो. दोघांचेही.”

झालं, हीपण गेली, त्याला वाटलं. त्यानं नजर टेबलावर खिळवली आणि खुर्ची सरकल्याच्या आवाजाची वाट पाहू लागला. खुर्ची सरकली नाही.

“मागच्या नोकरीत मी एकटीच तिघी होते,” ती म्हणाली. “सोडताना तिन्ही राजीनामे मलाच लिहावे लागले.”