चंद्रीचा नकार

संध्याकाळपाठोपाठ सकाळीही चंद्री म्हशीच्या गळ्यातील, तिच्या मनातले बोलून दाखवणारे यंत्र “नको” म्हणाले. नव्या पशुसंमती कायद्यामुळे भिकोबांना धार काढता येईना.

“या प्राणीहक्काच्या चळवळवाल्यांनी वाटोळं केलं आमचं! माझीच पेंड खाते आणि मलाच नको म्हणते. यंत्र बिघडलंय, ताई!”

तपासनीस इंदूताईंनी यंत्र पाहिले. ते ठीक होते. “काका, ती नको म्हणाली की तुम्ही काय म्हणता?”

“शिव्या देतो.”

इंदूताई म्हशीकडे वळल्या. “का गं, बाई?”

“दुखतंय,” यंत्र म्हणाले.

भिकोबांनी कासेला हात लावला. डावी बाजू तापून दगडासारखी झाली होती. कायद्यापूर्वी त्यांची थोरली म्हैस याच दुखण्याने दगावली होती. ती मात्र शेवटच्या दिवसापर्यंत मुकाट्याने धार काढू देत होती.