बाटलीचा गुण

"बाबा, ती बाटली आल्या पावली परत देऊन या," चिमी म्हणाली.

बाबांनी बाटली छातीशी धरली होती. तिच्यावर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, 'जुन्या इंजिनाला नवं तारुण्य'. समोर बॉनेट उघडं होतं, आणि डब्यात खिळे भरून कुणी हलवावा तशी गाडी खडखडत होती.

"इंजिनाच्या तेलात ओतली की आवाज बंद. दुकानदार म्हणालाय तसं."

"दुकानदार दुसरं काय म्हणणार? तेलात जे लागतं ते बनवणाऱ्यांनी आधीच घातलेलं असतं. वरून हे ओतणं म्हणजे पोटभर जेवल्यावर भुकेचं औषध घेणं. फायदा शून्य, झालाच तर अपाय."

"मग तूच बघ ना काय झालंय."

"मी गाड्यांचं काम सोडलंय, बाबा."

खरंच सोडलं होतं. रस्ता रुंद करताना तिचं गॅरेज पाडलं गेलं, तेव्हा ती समोर उभी होती. घरी येऊन तिनं पान्यांची पेटी पलंगाखाली ढकलली आणि जाहीर केलं, की आता कचेरीतली नोकरी. पण नोकरीही काही ती शोधत नव्हती. दिवसभर खिडकीशी बसून राहायची. पानात वाढलेलं तसंच राहायचं.

"भांडा दोघं," ओसरीत भाजी निवडणारी आई म्हणाली. "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

चिमी गाड्यांचं काम शिकत होती तेव्हा तिचे धडे रोज ऐकायचं काम आईकडे होतं. कणीक मळता मळता ती हुंकार द्यायची, आणि शेवटी हेच म्हणायची.

बाबांनी बाटली ओतली. गाडी सुरू केली. खडखडाट जसाच्या तसा.

"कमी झाला, नाही?" त्यांनी कान पुढे केला.

"काडीचाही नाही."

"एकीनं गुण येत नसतो. उद्या आणखी आणतो. त्याच्याकडे भारीतली पण आहे."

चिमी पाय आपटत आत गेली. आपल्या भोळ्या बापाला कुणीतरी हसत हसत टोपी घालतंय, हे काही तिला सहन होईना.

सकाळी बाबा फिरायला गेले, तशी तिनं पेटी पलंगाखालून ओढली. दोष सापडायला वेळ लागला नाही. धूर बाहेर नेणाऱ्या नळीवर, उष्णता अडवायला एक पत्रा असतो. त्याचा बोल्ट सैल झाला होता. वाजत होता तो पत्रा. इंजिन बिचारं ठणठणीत होतं.

तिनं बोल्ट आवळला. मग हात लावलाच आहे तर म्हणून प्लग साफ केले. मग एअर फिल्टर झटकला. कोपरापर्यंत काळी झाली, आणि आपण गुणगुणतोय हेही तिच्या लक्षात आलं नाही.

"काय गं करतेस?" खिडकीतून आईनं विचारलं.

"काही नाही. कानातलं पडलं, ते शोधतेय."

"सापडलं की आत ये," आई म्हणाली आणि खिडकी लावून घेतली.

बाबा परतले. त्यांनी चावी फिरवली आणि गाडी मांजरीसारखी गुरगुरली. बाबांनी खाली उतरून चक्क गिरकी घेतली.

"म्हटलं नव्हतं? रात्रभरात मुरलं औषध! बाटलीचा गुण!"

चिमीनं ओठ घट्ट मिटले.

दुपारपर्यंत साऱ्या गल्लीला बातमी कळली. बेकरीवाला आला, शिवणकामवाल्या मावशी आल्या, वरच्या मजल्यावरचे प्राध्यापकही आले. प्रत्येकाच्या गाडीला काही ना काही दुखणं होतं, आणि बाबा हातवारे करून दुकानाचा पत्ता सांगत होते.

"माझी व्हॅन चढावर धापा टाकते," बेकरीवाला म्हणाला. "मी तर खोकंच आणतो बाटल्यांचं."

पायरीवर बसलेल्या चिमीनं ऐकून घेतलं, घेतलं, आणि मग ताडकन उठली.

"बाटल्या आणू नका! गाड्या आणा!"

सगळे वळले. बाबांचा हात हवेतच राहिला.

"बाबा, तुमची गाडी बाटलीनं नाही बरी झाली. मी केली सकाळी. पत्रा सैल होता नुसता."

मग बेकरीवाला म्हणाला, "अगं मग आधी सांगायचं! आत्ताच घेऊन येतो."

दुसऱ्या दिवसापासून अंगण भरून गेलं. चिमी गाड्यांखाली आडवी होऊन तिथूनच हुकूम सोडायची: पाना द्या, फडकं द्या, प्राध्यापक, तुमचे पाय बाजूला घ्या. जेवायला हाका माराव्या लागत, आणि बसली की दुसऱ्यांदा भात मागून घेई. अंगण पुरेना, तेव्हा बेकरीवाल्यानं बेकरीमागची रिकामी शेड मोकळी करून दिली. मावशींनी पडदे शिवून आणले. गॅरेजला पडदे कशाला, असं विचारायची कुणाची छाती झाली नाही.

शेड उघडली त्या दिवशी बाबांनी पाटी टांगली, तीही तिरकी. चिमी इतकी हसली, की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला.

आई-बाबा बाहेर बाकावर बसून तिच्याकडे बघत राहिले.

"तुला एक गंमत सांगू?" बाबा हळूच म्हणाले. "आयुष्यभर बस चालवली मी. इंजिन वाजतंय की पत्रा, एवढं मला कळत नसेल? पण म्हटलं, बाप फसतोय असं दिसल्याशिवाय ही पोर काही पेटीला हात लावायची नाही."

"भारी लबाड हो तुम्ही," आई म्हणाली.

"मी कसला लबाड? देवच पावला. नेमका त्याच आठवड्यात तो बोल्ट आपोआप सैल व्हावा!"

"आपोआप?" आईनं पदर तोंडाशी नेला. "मेला किती घट्ट होता! दोन्ही हातांनी पाना ओढला, तेव्हा कुठे हलला."