मेजवानीचे तीन पदार्थ

“पाव ठेवायचाच!” मंत्रिमहोदयांनी टेबलावर हात आपटला. “पाहुण्याला जेवायला बोलवायचं आणि पाव नाही? लोक तोंडात शेण घालतील!”

टिंडलने कपाळाला हात लावला. सकाळपासून ही चौथी वेळ. शिष्टाचार खात्यात बावीस वर्षं काढली, पण असा वैताग लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हाही आला नव्हता.

“साहेब, अन्नटंचाईचा हा कायदा आपलाच आहे. जेवणात तीनच पदार्थ, आणि पाव ठेवला की तो त्यातला एक. सूप, मासा, पुडिंग. झाले तीन. सरकारच कायदा मोडतंय म्हणून उद्या पेपरात आलं तर?”

“मग पुडिंग काढा.”

“पुडिंग तुम्हीच घालायला लावलंत!”

मंत्र्यांनी यादीतला पाव खोडला. टिंडल जिंकला, पण आनंद कसला! आजचे पाहुणे हॅस्केल म्हणजे अमेरिकेचे धान्यवाटप अधिकारी. गव्हाचं जहाज न्यूयॉर्कहून निघालं होतं. ते लंडनला लागायचं की जर्मनीत हॅम्बुर्गला, हे या एका माणसाच्या हातात. युद्ध जिंकून वर्ष उलटलं, तरी टिंडलची बायको रोज पहाटे पावाच्या रांगेत उभी. जहाज हुकलं तर रेशन आणखी कापणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

तेवढ्यात अमेरिकन वकिलातीचा फोन. हॅस्केलसाहेबांना सिगारशिवाय राहवत नाही. राजाच्या नावाने पेला उचलेपर्यंत कुणी धूर काढत नाही, हे टिंडलने पाचव्यांदा समजावलं.

“मग तुमच्या राजाला जरा लवकर उरका ना!” पलीकडचा म्हणाला.

टिंडलने दातओठ खाऊन फोन ठेवला. काय ही माणसं!

दुपारी एकला पंगत बसली. अठरा जण. पाण्यासारखं सूप, करड्या रंगाचा मासा, अंड्याच्या भुकटीचं पुडिंग. टिंडल भिंतीशी उभा राहून पाहत होता. हॅस्केल जेवत कमी होते, निरखत जास्त होते. प्रत्येकाच्या ताटलीकडे त्यांची नजर जाई. एकदा तर त्यांचे डोळे पाणावल्यासारखे वाटले.

टिंडल मंत्र्यांच्या कानाशी वाकला. “पाहिलंत? आपली दशा कळली त्यांना. गहू आला समजा.”

“तुझ्या तोंडात साखर पडो,” मंत्री पुटपुटले.

राजाच्या नावाने पेला झाला, राष्ट्राध्यक्षांच्या नावाने झाला. सिगार पेटवून हॅस्केल उठले.

“गेल्या आठवड्यात मी हॅम्बुर्गला होतो,” ते म्हणाले. “तिथे एका बाईने पावाच्या तुकड्यासाठी माझे पाय धरले. इथेही तीच गत आहे, असं मला वॉशिंग्टनमध्ये सांगितलं होतं. म्हणून आज मी मुद्दाम पाहत बसलो. अठरा माणसं पोटभर जेवली, आणि एकानेही पाव मागितला नाही. मित्रांनो, माझी काळजी तुम्ही मिटवलीत. जहाज हॅम्बुर्गला जाईल.”