बोअरच्या तोंडावरचा वॉल्व्ह

तारिहाळच्या कारखान्यात वॉल्व्ह ट्रकमध्ये चढवायचा तेवढा राहिला होता. लडाखमधल्या एका दुर्गम गावात जमिनीखालच्या वाफेवर वीज तयार होणार होती, आणि तिथल्या बोअरच्या तोंडावर तो बसणार होता. शेवटची तपासणी मथुराकडे होती. तिनं आतल्या कडेवरून बोट फिरवलं आणि सही न करताच कागद परत दिला.

"बारीक ओरखडा आहे. पुन्हा घासायला पाहिजे."

मालक महेशअण्णा घायकुतीला आले. "मथुराक्का, डोळ्यालासुद्धा दिसत नाही तो! बर्फ पडला की तिकडचा रस्ता बंद होतोय, ठाऊक आहे ना?"

"म्हणूनच सांगते, अण्णा. रस्ता बंद झाल्यावर दुरुस्तीला कोण जाणार? दोन दिवस द्या."

दोन दिवस ती मशीनपासून हलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं सही केली. ट्रक बर्फाच्या आधी कसाबसा पोचला.

जानेवारीत तिकडच्या इंजिनिअरनं व्हिडिओ पाठवला. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांनी तो पाहिला. बाहेर उणे पंचवीसची थंडी होती, पण दवाखान्यात दिवे लागले होते. नर्स बाळंतिणीच्या खोलीतला हीटर दाखवत होती आणि त्याच्याभोवती म्हाताऱ्या बायका हात शेकत हसत होत्या.

महेशअण्णांनी व्हिडिओ पुन्हा लावून पाहिला आणि ते हिरमुसले. "एवढी मेहनत घेतली तुम्ही, आणि आपला वॉल्व्ह कुठंच दाखवला नाही की अक्का!"

मथुरानं भाकरीचा तुकडा मोडला.

"गळला असता तर तोच दाखवला असता, अण्णा."